गंधकाच्या वाटेने

गंधक म्हटले की काडेपेटी आणि दारूगोळा आठवतो. परंतु हेच मूलद्रव्य आपल्या शरीरातील प्रथिनांतही असते. तेथील त्याचे कार्य उलगडण्यासाठी व्हिन्सेंट दु विन्यो या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपले आयुष्य वेचले.

दु विन्यो यांचा जन्म १८ मे १९०१ रोजी शिकागो येथे झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, शालेय वयात, त्यांनी शेतावर काम केले. तेथे ते इतके रमले की आपण शेतकरीच व्हावे, असे त्यांना वाटू लागले. परंतु बहिणीच्या आग्रहामुळे ते रसायनशास्त्राकडे वळले. इलिनॉय विद्यापीठात शिकताना खर्च भागवण्यासाठी त्यांनी वाढप्याचे कामही केले.

इन्सुलिनचा शोध तेव्हा नुकताच लागला होता. त्याविषयीच्या एका व्याख्यानाने ते भारावून गेले. रॉचेस्टर विद्यापीठात त्यांनी इन्सुलिनमधील गंधकाचा अभ्यास केला आणि १९२७ मध्ये पीएच.डी. मिळवली. हे गंधक सिस्टिन या अमिनो आम्लात असते, असे त्यांनी दाखवले. सिस्टिनमध्ये गंधकाचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात. हा बंध तुटला की इन्सुलिन निष्प्रभ होते.

१९३८ मध्ये ते न्यूयॉर्क येथील कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाले. तेथे त्यांनी ऑक्सिटोसिनचा ध्यास घेतला. पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे हे संप्रेरक प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाचे आकुंचन घडवते. त्या काळी ते जनावरांच्या ग्रंथींतून काढावे लागे. दु विन्यो यांनी त्याची रचना शोधली. त्यात नऊ अमिनो आम्लांची साखळी असून गंधकाच्या बंधामुळे तिचे वलय बनते. त्यांनी ही साखळी तयार केली आणि शेवटी गंधकाचा बंध साधून वलय पूर्ण केले. १९५३ मध्ये हे कार्य सिद्धीस गेले. कृत्रिम ऑक्सिटोसिन नैसर्गिक संप्रेरकाइतकेच गुणकारी ठरले. असे पेप्टाइड संप्रेरक प्रयोगशाळेत प्रथमच तयार झाले होते. या कार्याबद्दल त्यांना १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

११ डिसेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक मोठे कारण आहे. तो रोखण्यासाठी आज भारतासह जगभर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन दिले जाते. गंधकाच्या दोन अणूंविषयीच्या कुतूहलातून सुरू झालेले हे संशोधन असे असंख्य मातांचे प्राण वाचवीत आहे.