सावित्रीबाई फुले : भाकरी आणि औषध दारापर्यंत नेणारी शिक्षिका



३ जानेवारी जवळ आली की आपल्या शाळांमध्ये सावित्रीबाईंवरच्या भाषणांची तयारी सुरू होते. पहिली मुलींची शाळा, अंगावर पडणारी शेणमाती, पिशवीतली दुसरी साडी हे सगळं मुलांना पाठ असतं. ते सांगायलाच हवं, त्यात वाद नाही. पण सावित्रीबाईंच्या आयुष्याचा एक भाग आपण एका वाक्यात उरकतो. दुष्काळात त्यांनी भुकेल्या मुलांना जेवू घातलं आणि प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांचा मृत्यू झाला, एवढंच सांगून आपण पुढे जातो. २०२० सालापर्यंत मीसुद्धा तेच करत होते. त्या वर्षी आमच्या म्हसावद भागात जे अनुभवलं, त्यानंतर हा भाग मला नव्याने वाचावासा वाटला. आज तोच तुम्हाला सांगते.

थोडक्यात ओळख

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातील नायगाव इथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, जोतीराव फुले यांच्याशी त्यांचं लग्न झालं. जोतीरावांनी त्यांना घरी लिहायला-वाचायला शिकवलं. पुढे त्यांनी शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. म्हणजे आपण डी.एड. केलं, तसंच त्यांनीही आधी शिकवायचं कसं हे शिकून घेतलं होतं. १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. एका विधवा आईच्या बाळाला, म्हणजे यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं. हा यशवंत पुढे डॉक्टर झाला. त्याचं नाव लक्षात ठेवा, शेवटी तो पुन्हा येणार आहे.

दुष्काळातलं अन्नछत्र

१८७६ साली दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. विहिरी आटल्या, जनावरं मरू लागली, लोक गाव सोडून चालू लागले. सरकारने दुष्काळी कामं काढली, पण खर्च कमी ठेवायचा म्हणून १८७७ मध्ये मजुरी अगदी खाली आणली. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या गड्याला दिवसाला साधारण एक रतल धान्य आणि वर एक आणा, असा हिशोब होता. एक रतल म्हणजे आजचे सुमारे ४५० ग्रॅम. दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाला एवढंच! ज्याच्या अंगात काम करायचीही ताकद नाही, त्याचे हाल तर विचारूच नका.

त्या काळात सावित्रीबाई पुण्यात बसून राहिल्या नाहीत. त्या जुन्नर भागात ओतूरला गेल्या. तिथून २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. नवऱ्याला लिहिलेलं पत्र म्हणजे घरची खुशाली असेल असं आपल्याला वाटतं. पण या पत्रात बहुतेक सगळा मजकूर दुष्काळाचा आणि कामाचा आहे. सावकारांची लूट, त्यातून उसळलेला दंगा, सत्यशोधक कार्यकर्त्यांवर आलेला आळ, सगळं त्यांनी कळवलं आहे. सुमारे पन्नास कार्यकर्ते पकडले गेले, तेव्हा सावित्रीबाई स्वतः कलेक्टरला भेटल्या आणि आपली माणसं दंगेखोर नसून लोकांना मदत करणारी आहेत, हे त्यांनी पटवून दिलं. कार्यकर्ते सुटले. शिवाय कलेक्टरने लोकांसाठी ज्वारीच्या चार गाड्या दिल्या. शिक्षक मित्रांनो, आपल्याला साध्या कामासाठी तालुक्याच्या ऑफिसात जायचं तरी दहा वेळा विचार करावा लागतो. दीडशे वर्षांपूर्वी एक बाई थेट गोऱ्या कलेक्टरसमोर उभी राहिली होती.

त्याच वर्षी पुण्याजवळ धनकवडीला सत्यशोधक समाजाच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया बालाश्रम सुरू झाला. आईबाप पोटासाठी परमुलखात गेलेले किंवा दुष्काळात मेलेले, अशा मुलांना तिथे रोज जेवण मिळायचं. मदतीसाठी जोतीरावांनी मे १८७७ मध्ये लोकांना जाहीर आवाहन केलं. सावित्रीबाई आणि त्यांच्या सोबतच्या बाया भाकरी थापायला, वाढायला उभ्या राहिल्या. वर्गात फळ्यावर लिहिणारे हात इथे पीठ मळत होते. त्यांना ही दोन कामं वेगळी वाटली नाहीत. उपाशी मूल शिकत नाही, हे आपण वर्गात रोज बघतो. त्यांनी ते फार आधी ओळखलं होतं.

प्लेग

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. त्यानंतर सत्यशोधक समाजाचं काम सावित्रीबाईंनी पुढे नेलं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांत पुण्यात पसरला. त्याच सुमारास पुन्हा दुष्काळही पडला होता. एकीकडे धान्य महाग आणि दुसरीकडे काखेत, जांघेत गाठ येऊन माणसं मरत होती. ज्यांच्याकडे सोय होती ते शहर सोडून गेले. गरीब कुठे जाणार? सरकारी तपासणीची लोकांना इतकी भीती वाटायची की घरातला आजारी माणूस लपवून ठेवायचे. फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोग कायदा आणला. तोच कायदा मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी आपल्या राज्यात लावला गेला होता, हे मुलांना जरूर सांगा.

सावित्रीबाईंचं वय तेव्हा ६६ होतं. यशवंतराव सैन्यात डॉक्टर होते. आईने त्यांना बोलावून घेतलं आणि पुण्याबाहेर हडपसरजवळ, ससाणे यांच्या माळावर, मोकळ्या हवेत दवाखाना सुरू झाला. पण दवाखाना उघडला म्हणून रुग्ण येतात असं नाही. गाठ आलेला माणूस मैलभर कसा चालणार? त्याला उचलून आणणार कोण? आजाराची भीती आणि जातीचा विटाळ, दोन्ही आडवे येत होते. मग सावित्रीबाई स्वतःच वस्त्यांवर जाऊ लागल्या. रुग्ण शोधायचे आणि दवाखान्यापर्यंत पोचवायचे, हे काम त्यांनी अंगावर घेतलं.

मुंढव्याच्या महारवाड्यातला गायकवाड यांचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचं त्यांना कळलं. त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. या कामातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आता म्हसावदची गोष्ट

जळगाव जिल्ह्यातलं रेल्वे स्टेशनचं म्हसावद नव्हे, नंदुरबार जिल्ह्यातलं, शहादा तालुक्यातलं आमचं म्हसावद. उत्तरेला सातपुडा आणि आजूबाजूला केळी, पपई, कापूस, मिरची. डोंगराकडच्या पाड्यांवरची बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर मजुरीला गुजरातमध्ये जातात. मुलं कधी सोबत जातात, कधी आजीजवळ राहतात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शाळेतली खिचडीही बंद झाली. शालेय पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ-कडधान्य मुलांच्या घरी द्यायचं ठरलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम. आम्ही व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, शाळेच्या ओट्यावर चुन्याची वर्तुळं आखली, वजनकाटा ठेवला आणि पालकांना पाळीपाळीने बोलावलं. यादीवर सह्या-अंगठे झाले. संध्याकाळी १४ नावांपुढे सही नव्हती. त्यांना गरज नसेल, गावाला गेले असतील, असं म्हणून मी यादी बंद केली. हे मी स्वतः केलं, म्हणून सांगते.

चार-पाच दिवसांनी आमच्या भागातल्या अंगणवाडी ताई भेटल्या. त्या बाळांचा आणि गरोदर मातांचा आहार घरोघरी पोचवत होत्या. तिसरीतली एक मुलगी पाड्यावर आजीजवळ आहे, त्यांच्याकडे धान्य संपलंय, असं त्यांनी सांगितलं. त्या मुलीचं नाव माझ्या १४ मध्ये होतं. तोंडाला रुमाल बांधून आम्ही दोघी गेलो. घरात फोन नव्हता, म्हणजे आमचा निरोप पोचलाच नव्हता. आजीचे गुडघे दुखत होते. आईबाप गुजरातमध्ये अडकलेले. मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ, दोघं अर्धी अर्धी भाकर मिरचीच्या पाण्याबरोबर खात होती.

मी तांदूळ दिला. ३० दिवसांचे ३ किलो होतात. आजीने पिशवी हातात तोलून बघितली आणि काहीच बोलली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, यादीत एक मूल आहे, पण खाणारी तोंडं तीन आहेत. भावाचा अंगणवाडीचा आहार ताईंनी दिला, म्हणून थोडं निभावलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही उरलेली १३ घरं शोधली. तीन कुटुंबं खरंच बाहेरगावी होती. बाकी दहा घरांत कुणाला निरोप मिळाला नव्हता, कुणी परतून आल्यामुळे शेतात वेगळं बसवलं होतं, कुणी पोलिसांच्या भीतीने बाहेर पडत नव्हतं. गरज नाही असं एकही घर नव्हतं.

सावित्रीबाईंच्या शेवटच्या दिवसांचा अर्थ मला तेव्हा कळला. दवाखाना उघडणं हे अर्धं काम असतं. जो येऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत जाणं हे उरलेलं अर्धं. आणि जास्त गरज बहुतेक वेळा त्यालाच असते.

वर्गात काय करता येईल?

१) तराजू आणा. मुलांना १०० ग्रॅम तांदूळ मोजून ओंजळीत घेऊ द्या. मग ४५० ग्रॅम ज्वारी मोजा आणि दुष्काळातल्या मजुराच्या मजुरीची गोष्ट सांगा. गणित आणि इतिहास एकत्र होईल.

२) एका मुलाचा तांदूळ घरातल्या पाच माणसांनी खाल्ला तर किती दिवस पुरेल, हे उदाहरण मुलांनाच करू द्या.

३) पालकहो, तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना जुन्या दुष्काळाच्या आठवणी विचारा. काय खाल्लं, कुणी दिलं, हे मुलांनी वहीत लिहावं.

४) आणि शिक्षक मित्रांनो, हे आपल्यासाठी. पुढच्या वेळी गणवेश असो, पुस्तकं असोत किंवा तांदूळ, वाटप संपलं की सही नसलेली नावं वेगळ्या कागदावर लिहा आणि त्या घरी जाऊन या. मी आता तो कागद हजेरीपटातच ठेवते.

देशभरातल्या शाळांत शिजवलेलं जेवण द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २८ नोव्हेंबर २००१ चा आहे. तारीख बघा, जोतीरावांच्या स्मृतिदिनाचीच. हा योगायोग असेल. पण दुपारी खिचडीचं ताट वाढताना धनकवडीच्या त्या भाकऱ्यांची आठवण मुलांना नक्की करून द्या.