डॉलीबाईंचा बुधवार

मैत्रिणींनो, नवऱ्याला नावं ठेवणाऱ्यांनाच घरी बोलावून खाऊपिऊ घालायचं, जमेल का हो आपल्याला? अमेरिकेचे चौथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्या पत्नी डॉली दर बुधवारी तेच करायच्या. १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध पेटलं. कॅनडा घेऊ म्हणणारे एकीकडे, लढाईच नको म्हणणारे दुसरीकडे. पण डॉलींच्या दिवाणखान्यात दोन्हीकडचे गप्पा मारायचे. १८१४ साली इंग्रज राजधानीवर चालून आले, तेव्हा पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन यांचं चित्र हलवायची सोय लावूनच त्या बाहेर पडल्या. मग इंग्रजांनी घर जाळलं.

उतारवयात मात्र वैधव्य आणि मुलाची कर्जं. घरचा गुलाम पॉल जेनिंग्ज, त्यालाही त्यांनी विकलं. पुढे तो स्वतंत्र झाला आणि डॉलींचे हाल बघून त्यानंच त्यांना पदरचे पैसे दिले.