रंगांतून पेशी ओळखणारे पॉल एर्लिख

दमा हा मज्जातंतूंचा विकार की शरीराच्या प्रतिकारयंत्रणेचा, हा प्रश्न वैद्यकशास्त्रात दीर्घकाळ वादाचा होता. एकोणिसाव्या शतकात अनेक डॉक्टर त्याचे मूळ मज्जातंतूंत शोधत. विसाव्या शतकात पारडे प्रतिकारयंत्रणेकडे झुकले. या दोन्ही बाजूंचे महत्त्वाचे घटक रंगांच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट करणारा संशोधक मात्र एकच होता. ते म्हणजे जर्मन वैद्यक पॉल एर्लिख.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी तत्कालीन प्रशियातील आणि आज पोलंडमध्ये असलेल्या स्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. विकृतिशास्त्रज्ञ कार्ल वायगर्ट हे त्यांच्या आईकडच्या नात्यातले भाऊ. कृत्रिम रंगांनी ऊती रंगवण्याची गोडी त्यांना वायगर्ट यांच्यामुळेच लागली. कापड गिरण्यांसाठी तयार होणारे हे रंग शरीरातील सर्वच भागांना सारखे चिकटत नाहीत, हे निरीक्षण एर्लिख यांच्या संपूर्ण संशोधनाचा पाया ठरले.

लाइपझिग विद्यापीठाला १८७८ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी ठळक कणांनी गच्च भरलेल्या एका पेशीचे वर्णन केले. या पेशींचा संबंध पोषणाशी असावा, अशा समजुतीने त्यांनी तिला सुपोषित या अर्थाचे मास्ट पेशी हे नाव दिले. अंदाज चुकला, नाव मात्र टिकले. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, इओसिन हा लाल रंग शोषून घेणारी रक्तपेशी त्यांनी ओळखली. तीच इओसिनोफिल.

बर्लिनच्या शारिते रुग्णालयात काम करताना १८८५-८६ च्या सुमारास ते मज्जातंतूंकडे वळले. जिवंत प्राण्याच्या शरीरात मेथिलिन ब्लू हा निळा रंग टोचल्यास तो मज्जातंतूंच्या टोकांना निवडून रंगवतो, असे त्यांना आढळले. जो पदार्थ मज्जातंतूंना चिकटतो तो वेदनाही शमवू शकेल, असा तर्क करून १८९० मध्ये त्यांनी या रंगाचा रुग्णांवर वेदनाशामक म्हणूनही वापर करून पाहिला.

याच काळात त्यांना क्षयाने गाठले. १८८८ मध्ये हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि १८८९ मध्ये बरे होऊन परतले. पुढे घटसर्पावरील प्रतिविषाच्या मात्रेचे प्रमाणीकरण त्यांनी केले. प्रतिकारशक्तीवरील कार्यासाठी १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना एली मेचनिकॉव्ह यांच्यासह मिळाले. रोगकारकालाच नेमके गाठणारे औषध शोधण्याच्या ध्यासातून १९१० मध्ये उपदंशावरील साल्व्हर्सन बाजारात आले. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले.

मास्ट पेशींचे खरे काम त्यांच्या हयातीत उलगडले नाही. या पेशींत हिस्टामिन साठलेले असते, हे १९५३ मध्ये दिसून आले. परागकण किंवा धुळीतील सूक्ष्म किडे यांसारखा ॲलर्जीकारक पदार्थ श्वासातून आत गेला की संवेदनशील व्यक्तीच्या मास्ट पेशी हिस्टामिन व इतर रसायने सोडतात. ही रसायने श्वासनलिकेतील संवेदी मज्जातंतूंना चेतवतात. संदेश मेंदूकडे जातो. खोकल्याची उबळ येते, नलिका आवळतात. चेतलेल्या मज्जातंतूंची टोकेही रसायने सोडून प्रतिकारपेशींना पुन्हा उत्तेजित करू शकतात. दाह असा स्वतःलाच खतपाणी घालतो.

इओसिनोफिलही या साखळीत सामील आहे. दम्याने दगावलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकांत या पेशी मज्जातंतूंभोवती गोळा झालेल्या आढळल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की इओसिनोफिलची वाढ घडवणारे इंटरल्युकिन-५ हे प्रथिन संवेदी मज्जातंतूंनाही जागे करते आणि हे मज्जातंतू शांत केल्यास श्वासनलिकेतील ॲलर्जीजन्य दाह कमी होतो. उंदरांतील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू होत नाही; तरीही दम्याकडे एकाच बाजूने पाहणे अपुरे आहे, हे त्यातून ध्यानात येते.

योगायोग असा, की इंटरल्युकिन-५ ला नेमके अडवणाऱ्या मेपोलिझुमॅब या औषधाला तीव्र दम्याच्या काही रुग्णांसाठी अमेरिकेत २०१५ मध्येच मान्यता मिळाली. लक्ष्य निवडून त्यालाच चिकटणारे औषध, ही तर एर्लिख यांचीच कल्पना. त्यांनी मास्ट पेशी, इओसिनोफिल आणि मज्जातंतू हे तिन्ही पाहिले, पण वेगवेगळ्या प्रयोगांत. एकाच श्वासनलिकेत हे तिघे परस्परांना चिथावतात हे कळायला शतकाहून अधिक काळ जावा लागला. दम्याच्या रुग्णाला मोकळा श्वास देऊ पाहणाऱ्या संशोधकांना आज या तिघांचा विचार एकत्रच करावा लागतो.