टाळ्या थांबल्यानंतर

दरवर्षी क्रीडासप्ताहात मी लांब उडीत भाग घेतो. बक्षीस क्वचितच मिळते, पण मित्रांच्या टाळ्या मिळतात. त्या थांबल्या की मनात येते, खऱ्या मोठ्या खेळाडूचे टाळ्यांनंतर काय होत असेल? उत्तर शोधता शोधता मी जेसी ओवेन्सच्या चरित्रापाशी येऊन थांबलो.

१२ सप्टेंबर १९१३ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात, ओकव्हिल या खेड्यात, एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्याचा जन्म झाला. आजोबा गुलाम होते. वडील दुसऱ्याच्या जमिनीत बटाईने राबत. तो नऊ वर्षांचा असताना कुटुंब क्लीव्हलँडला आले. शाळेत त्याने ‘जे. सी.’ अशी आद्याक्षरे सांगितली, बाईंनी ‘जेसी’ ऐकले आणि तेच नाव जगाने घेतले. शाळा सुटल्यावर त्याला कामावर जावे लागे, म्हणून चार्ल्स रायली हे शिक्षक त्याचा सराव सकाळी शाळेपूर्वी घेत.

ओहायो राज्य विद्यापीठात त्याला शिष्यवृत्ती नव्हती. लिफ्ट चालवून तो शिकला. काळ्या रंगामुळे त्याला विद्यापीठाबाहेर राहावे लागे. अशा स्थितीत २५ मे १९३५ चा दिवस उजाडला. ॲन आर्बरच्या मैदानावर दुखऱ्या पाठीने उतरून त्याने सुमारे ४५ मिनिटांत तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. त्यातली ८.१३ मीटरची लांब उडी १९६० पर्यंत कोणाला ओलांडता आली नाही!

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, वंशश्रेष्ठतेचा डंका पिटणाऱ्या हिटलरच्या राजधानीत, त्याने १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि ४ × १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली. लांब उडीत हरलेला जर्मन खेळाडू लुट्झ लाँग सर्वांदेखत त्याचे अभिनंदन करायला पुढे आला. त्याच्या स्वतःच्या देशाच्या अध्यक्षांकडून मात्र साधी तारही आली नाही.

खरी कसोटी पुढेच होती. स्पर्धेनंतर क्रीडासंघटनेने निधी जमवण्यासाठी खेळाडूंना युरोपभर धावायला लावले. दमलेला जेसी घरी परतला आणि संघटनेने त्याच्यावर बंदी घातली. तेविसाव्या वर्षी हौशी खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द संपली. त्याच डिसेंबरात हवानात तो पैशासाठी घोड्याशी शर्यत धावला. कपडे धुण्याचा धंदा काढला, त्यात दिवाळे निघाले. पदवीही अपुरी राहिली.

तरीही तो खचला नाही. व्याख्याने देत, मुलांना खेळाकडे वळवीत त्याने पुन्हा आयुष्य उभे केले. १९५५ मध्ये अमेरिकेचा सदिच्छादूत म्हणून तो भारतातही आला होता. १९७२ मध्ये त्याच्या विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली, तर १९७६ मध्ये अध्यक्षांच्या हस्ते देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. ३१ मार्च १९८० रोजी त्याचे निधन झाले.

मित्रहो, बर्लिनची पदके त्याने एका आठवड्यात मिळवली. त्यानंतरची चव्वेचाळीस वर्षे त्याला टाळ्यांविना धावावे लागले. मला तो या दुसऱ्या शर्यतीसाठी अधिक मोठा वाटतो. यंदाही मी उडी मारणार आहे. मात्र परीक्षेचा फॉर्मही वेळेवर भरणार आहे!