नाव सुगरण, पण खोपा विणतो नर! सलीम अलींनी बेकारीच्या दिवसांत उलगडलेली गोष्ट

पावसाळ्यात बीडकडच्या शिवारात फिरलात, तर विहिरीवर वाकलेल्या बाभळीला उलट्या सुरईसारखी घरटी लोंबताना दिसतील. सुगरणीचे खोपे. उसाच्या नाहीतर गवताच्या पात्याच्या बारीक चिरफळ्या काढून नुसत्या चोचीने विणलेले. एवढं नेटकं काम बाईमाणसाचंच असणार म्हणून आपल्या लोकांनी पक्ष्याचं नावच सुगरण ठेवलं. बहिणाबाईंच्या कवितेतही खोप्याचं कौतुक सुगरण आईच्याच वाट्याला आलंय.

पण खोपा विणतो नर. आणि त्यामागचा सगळा संसार कसा चालतो हे नीट उलगडलं डॉ. सलीम अलींनी. तेही हातात नोकरी नसताना.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईचा. तीन वर्षांचे होईपर्यंत आईवडील दोघंही गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी सांभाळलं. मामा शिकारी, त्यामुळे भाच्याच्या हातातही छऱ्याची बंदूक आली. साधारण दहाव्या वर्षी त्याने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला आणि पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा अख्खा संग्रहच दाखवला. पोरगा तिथेच अडकला.

पुढे ब्रह्मदेशात घरच्या धंद्यात हात घातला, जमलं नाही. प्राणिशास्त्राची पदवी नव्हती, म्हणून सरकारी पक्षीतज्ज्ञाची जागाही हुकली. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये गाईड लेक्चरर म्हणून लागले. मग रजा काढून बर्लिनला गेले आणि प्रोफेसर स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून 1930 मध्ये परतले. बघतात तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली!

पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. वेळ भरपूर होता, मग रोज तिथे जाऊन बसायचं आणि बघत राहायचं.

तिथे त्यांना दिसलं ते असं. विणीच्या हंगामात डोक्यावर पिवळी टोपी चढलेले नर खोपे विणायला घेतात. काम शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत आलं की नर पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. माद्या येतात, आत शिरून तपासणी करतात. एखादीला पसंत पडलं तर ती मुक्काम ठोकते, आणि मगच नर खालची बोगद्यासारखी नळी विणून खोपा पुरा करतो. नापसंत झालं तर खोपा तसाच लोंबत राहतो. झाडावर जे अर्धवट खोपे दिसतात ना, ते नराच्या झोक्यासाठी असतात असं गावाकडे सांगतात. त्यातले बरेचसे खरंतर नाकारलेली स्थळं आहेत!

मादी अंड्यांवर बसली की नर शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसरीसाठी. जमलं तर तिसरीसाठीही. अंडी उबवणं मादीकडे, पिलांना भरवण्याचा भारही जवळपास सगळा तिच्याकडेच. म्हणजे विणकामाचं श्रेय नराला देऊ, पण बहिणाबाईंनी आईला दिलेला मान काही चुकीचा म्हणता येणार नाही. हा सगळा अभ्यास 1931 मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला आणि सलीम अलींचं नाव झालं.

खोप्याबद्दल आणखी एक दंतकथा आहे. सुगरण आत चिखल लावते आणि त्यात काजवा चिकटवून दिवा करते म्हणे. यातला चिखल खरा आहे. वाऱ्यात खोपा हेलकावू नये म्हणून तो असावा, असं मानतात. काजव्याच्या दिव्याला मात्र पुरावा नाही.

नाव झालं तरी पगार नव्हताच. मग त्यांनी संस्थानांना सांगून बघितलं, फक्त खर्च द्या, तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. पहिला मोठा होकार निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा आला. बीड तेव्हा याच संस्थानातला जिल्हा. 1931-32 मध्ये बैलगाड्या आणि तंबू घेऊन पाहणी झाली. रानावनातल्या या मुक्कामांत तेहमिनाही सोबत असायच्या. 1939 मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. या धक्क्यातून ते सावरले ते कामाच्याच जोरावर. दोनच वर्षांनी, 1941 मध्ये, त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं.

पुढे पद्मविभूषण, राज्यसभा असे सगळे मान मिळाले. 1987 मध्ये त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनासारखी झाली नाही. राष्ट्रीय पक्षी माळढोक असावा, असा त्यांचा आग्रह होता. 1963 मध्ये निवड झाली मोराची. मोरांसाठी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात, 1994 पासून नायगाव मयूर अभयारण्य आहे. माळढोकासाठीही शेजारच्या सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत 1979 मध्ये अभयारण्य झालं, पण तो पक्षी आता देशभरात मिळून 150 च्या आसपासच उरलाय.