एफएम बनवणारा आर्मस्ट्राँग आणि त्याचा कंपनीवाला मित्र

फोनमध्ये एफएम रेडिओ असेल तर जरा उघडून बघा. आकडे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढेच फिरतात. हेच आकडे का? त्यामागे एडविन आर्मस्ट्राँगची गोष्ट आहे. (चंद्रावर गेलेला तो वेगळा.)

१८९० साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा इंजिनिअर. १९१८ मध्ये त्याने सुपरहेटरोडाइन रिसीव्हर काढला, पुढे जगभरचे रेडिओ त्याच तत्त्वावर चालले. पेटंट विकून आरसीए कंपनीचे इतके शेअर्स मिळाले की तो तिचा सर्वात मोठा वैयक्तिक भागधारक झाला. कंपनीचा डेव्हिड सार्नॉफ त्याचा दोस्त. बायको मॅरियन तर सार्नॉफचीच सेक्रेटरी होती.

तेव्हा एएमचा जमाना. एएममध्ये आवाज लहरीच्या उंचीत भरतात आणि वीज कडाडली की नेमकी ती उंचीच बिघडते, म्हणून खरखर. आर्मस्ट्राँगने आवाज फ्रिक्वेन्सीच्या चढउतारात भरला आणि खरखर जवळपास गेलीच! १९३३ मध्ये पेटंट मिळालं.

पण आरसीएचा सगळा धंदा एएमवर. रेडिओ तीच विकणार आणि त्यावर वाजणारं एनबीसी नेटवर्कही तिचंच. एनबीसीची नेटवर्क एक नाही, दोन होती. सरकारी दबावामुळे १९४३ मध्ये एक विकावं लागलं, तेच पुढे एबीसी झालं. एफएम आलं असतं तर नवी स्टेशनं, नवे मालक आले असते. १९३५ मध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगमधून आर्मस्ट्राँगची यंत्रं हलवायला सांगितली, टीव्हीसाठी जागा हवी म्हणून. त्याने स्वखर्चाने न्यू जर्सीत टॉवर उभारला. आरसीएने एकरकमी १० लाख डॉलर देऊ केले, रॉयल्टी मात्र नाही. तो नाही म्हणाला.

१९४५ मध्ये सरकारी आयोग एफसीसीने एफएमची जागा ४२-५० वरून ८८-१०८ वर नेली. कारण तांत्रिक दिलं, पण आरसीएने त्यासाठी जोर लावला होता. लोकांच्या घरातले लाखो एफएम रेडिओ एका निर्णयाने कुचकामी ठरले. गंमत बघा, बोलायला बंदी कुणालाच नव्हती, फक्त ऐकू जायची सोय गेली. आज एखादं पेज डिलीट न करता फीडमध्ये खाली ढकलतात, तसंच काहीसं.

१९४८ मध्ये त्याने आरसीएवर पेटंटचा खटला भरला. कंपनीने तो वर्षानुवर्षं लांबवला. पैसे संपले, संसार मोडला. ३१ जानेवारी १९५४ ला त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

मॅरियन मात्र थांबली नाही. आरसीएने त्याच वर्षी तडजोड केली, आणि मोटोरोलाविरुद्धचा शेवटचा खटला तिने १९६७ मध्ये जिंकला.