गोठ्यातून आलेले औषध

१९३३ च्या फेब्रुवारीतला शनिवार. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बर्फाचे वादळ सुरू होते. अशा हवेत एड कार्लसन नावाचा शेतकरी जवळजवळ तीनशे किलोमीटरचे अंतर कापून मॅडिसनला आला. सोबत होती एक मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त आणि सुमारे ४५ किलो खराब चारा. सरकारी पशुवैद्याचे कार्यालय बंद होते. उघडे दार सापडले ते विद्यापीठातल्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे. तिथे कार्ल पॉल लिंक काम करत होते.

आज घरोघरच्या हृदयरुग्णांना ‘रक्त पातळ करणारी गोळी’ म्हणून जे वॉर्फरिन ठाऊक आहे, त्याची कुळकथा या दारात सुरू होते. (खरे तर रक्त पातळ होतच नाही, ते गोठायला जास्त वेळ लागतो, एवढेच.)

लिंक तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. ३१ जानेवारी १९०१ रोजी इंडियाना राज्यातल्या लापोर्ट गावी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक, आणि घरात दहा भावंडे. विस्कॉन्सिनमध्ये डॉक्टरेट मिळवून ते युरोपात शिकायला गेले आणि तिथे क्षय जडवून घेऊन परतले. गळ्यात मोठा बो, कधी खांद्यावर केप, आणि मते सडेतोड. विद्यापीठात हा माणूस लांबूनही ओळखू येई.

कार्लसनची गुरे स्वीट क्लोव्हर खात. हा लसूणघासाच्या कुळातलाच चारा. त्याला बुरशी लागली की तो खाणाऱ्या जनावरांचे रक्त गोठेनासे होई आणि साध्या जखमेनेही ती दगावत. हे पशुवैद्यांना १९२० च्या दशकापासून माहीत होते; चाऱ्यातले नेमके विष कोणते, ते मात्र कोणालाच सापडले नव्हते. हा चारा बंद करा आणि जमल्यास निरोगी जनावराचे रक्त द्या, याहून जास्त लिंक यांना सांगता आले नाही. मंदीच्या त्या दिवसांत चारा फेकून देणे शेतकऱ्याला कसे परवडणार? बिचारा तसाच वादळात माघारी गेला.

त्यानंतरची सहा वर्षे लिंक आणि त्यांचे विद्यार्थी त्या विषाच्या मागे होते. डोळ्यांना न दिसणारी वस्तू शोधायची तर आधी तिचा परिणाम मोजता यायला हवा. आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये रक्तद्रवाला गोठायला किती सेकंद लागतात हे मोजणारी चाचणी प्रसिद्ध केली होती. तीच सुधारून लिंक यांच्या प्रयोगशाळेने सशांवर वापरली. चाऱ्याचा अर्क सशाला द्यायचा, रक्त काढायचे, घड्याळ लावायचे. अखेर जून १९३९ मध्ये हॅरोल्ड कॅम्बेल या विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली त्या विषाचे स्फटिक दिसले. त्याला डायकुमरॉल हे नाव मिळाले. ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने यकृत रक्त गोठवणारे घटक बनवते. त्या कामात हे रसायन खोडा घालते. म्हणून ‘के’ जीवनसत्त्व हाच त्याचा उतारा. १९४१ पासून डॉक्टर ते रुग्णांना देऊ लागले.

१९४५ मध्ये छातीच्या दुखण्याने लिंक आरोग्यधामात पडून होते. तिथे त्यांनी वाचायला घेतले ते उंदीर मारण्याचे शास्त्र! बरे होऊन परतल्यावर डायकुमरॉलच्या भावंडांपैकी ४२ क्रमांकाचे रसायन त्यांनी या कामासाठी निवडले. संशोधनाला पैसा देणाऱ्या ‘वॉर्फ’ या संस्थेवरून त्याचे नाव वॉर्फरिन पडले आणि १९४८ मध्ये ते उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. १९५१ मध्ये सैन्यभरती झालेल्या एका तरुणाने आत्महत्येसाठी ते खाल्ले. ‘के’ जीवनसत्त्व आणि रक्त देऊन तो वाचला. विषाला खात्रीचा उतारा आहे, हे त्यातून दिसले. १९५४ मध्ये वॉर्फरिनला माणसांसाठी मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना ते देण्यात आले.

मात्र मात्रेचा प्रश्न सुटला नव्हता. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. एकाला पुरणारी गोळी दुसऱ्याला घातक ठरते. त्यात चाचणीचे रसायन बदलले की सेकंदही बदलत. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीत चालत नसे. लिंक २१ नोव्हेंबर १९७८ रोजी वारले. त्यानंतर १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांसाठी एकच मोजमाप स्वीकारले, ते म्हणजे आय.एन.आर. निरोगी माणसाचा तो १ च्या आसपास असतो. औषध घेणाऱ्या बहुतेकांचा २ ते ३ मध्ये ठेवतात, काही कृत्रिम झडपांसाठी थोडा वर.

२०१० नंतर अशी नियमित तपासणी न लागणारी नवी औषधे आली. पण धातूची झडप बसवलेल्यांना ती चालत नाहीत. त्यांच्यासाठी वॉर्फरिनच्या जातीची गोळी आणि तिच्याबरोबरची रक्ततपासणी कायम आहे. अशा घरात पालक-मेथी वर्ज्य करायची गरज नसते. एका आठवड्यात रोज आणि पुढच्यात अजिबात नाही, असे मात्र होऊ देऊ नये. अंगदुखीची गोळी परस्पर घेऊ नये. हिरड्यांतून रक्त आले, शौचास काळी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टर गाठावा.